टार्डेबिगचा जलसोपान

इंग्लंडातील वूस्टर परगण्यात, ब्रॉम्सग्रोव्ह या गावाच्या पूर्वेस दोनतीन मैलांवर, टार्डेबिग नावाचे एक खेडे आहे. टेकाडावर सेंट बार्थोलोम्यूचे, १७७७ सालचे, आकाशाशी अंमळ सलगी करणारे सडपातळ शिखर असलेले देवालय. भोवती मेंढ्या, कुंपणे आणि पडावे की न पडावे याचा निर्णय कधीच न झालेला तिकडचा पाऊस. आणि देवालयाच्या पायथ्याकडून सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात उतरत जाणारा एक कालवा. इतपत वर्णनात नवल वाटण्याजोगे काही नाही. परंतु हा कालवा ज्या रीतीने टेकडी उतरतो ती रीत एकदा पाहिली म्हणजे घड्याळाला कुलदैवत मानणाऱ्या या राष्ट्राच्या व्यवहारबुद्धीविषयी आपल्या मनात जो आदर असतो तो कमी होत नाही, पण त्याची जात बदलते. सव्वादोन मैलांत २२० फूट उतरण्यासाठी येथे एकामागून एक अशी तीस लॉक बांधलेली आहेत, आणि एका ओळीत इतकी लॉक साऱ्या ब्रिटनमध्ये अन्यत्र कोठेही नाहीत. नावेने ती पार करण्यास चार तास लागतात. तेच अंतर काठच्या पायवाटेने चालून जाण्यास पाऊण तास पुरे होतो. म्हणजे प्रवाशाने नाव काठाला बांधून ठेवली आणि तो पायी निघाला, तर मुक्कामी तीन तास आधी पोचेल. ही सूचना मात्र तेथील कोणत्याही नाववाल्याला करून पाहू नये.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दारे असलेला विटांचा एक अरुंद, लांबट हौद. नाव खालून आली की ती हौदात घ्यावयाची, मागचे दार लावावयाचे, वरच्या अंगाच्या झडपा उचलून पाणी आत सोडावयाचे, पाण्याबरोबर नावही वर चढू द्यावयाची आणि आतले व वरचे पाणी एका पातळीस आले की पुढचे दार उघडून मार्गस्थ व्हावयाचे, एवढाच हा विधी. त्यासाठी लागणारे साहित्यही भटजीच्या पडशीत मावेल इतके थोडे: झडप उचलण्यासाठी काटकोनात वाकविलेले एक लोखंडी हँडल, ज्याला तेथे विंडलस म्हणतात, आणि दाराच्या माथ्यावर बसविलेली लांबलचक लाकडी तुळई, जिला पाठ लावून माणसाने मागे रेटीत जावयाचे. दोन्हीकडच्या पाण्यात बोटभराचे अंतर असेल तोवर हे दार पैलवानालाही दाद देत नाही, आणि पातळी जुळली की शाळकरी पोराच्या रेट्यानेही ते मुकाट्याने उघडते. हुद्दा, घराणे आणि उच्चार यांपैकी कशाचीही चौकशी न करणाऱ्या ज्या थोड्या वस्तू इंग्लंडात शिल्लक आहेत, त्यांत या दाराची गणना करावी लागेल.

तीस वेळा झडपा उचलणे आणि तीस हौदांची दारे लोटणे हे कष्टाचे काम आहे, तेव्हा ते करणाऱ्यांना रोजमुरा मिळत असेल अशी कोणाचीही समजूत होईल. वस्तुस्थिती अशी की हे काम करण्यासाठी लोक पैसे मोजतात. उन्हाळ्यात या तुळयांना पाठ लावून घामाघूम होणारी जी मंडळी दिसतात ती आठवडाभरासाठी नाव भाड्याने घेऊन आलेली असतात. त्यांत निवृत्त हेडमास्तर असतात, दंतवैद्य असतात, ज्यांनी उभ्या आयुष्यात आपली फाईल आपल्या हाताने कपाटातून काढली नाही असे कचेरीतले वरिष्ठ असतात. आणि हेच काम त्यांना सोमवारी सकाळी वरून हुकूम करून सांगितले असते तर मंगळवारी त्यांनी आपल्या संघटनेमार्फत सरकारकडे कैफियत दाखल केली असती.

श्रमविभागही ठरलेला असतो. नावेच्या मागच्या टोकाला, सुकाणूच्या दांड्यापाशी, यजमान उभे असतात. डोक्यावर खलाशी टोपी, हातात चहाचा पेला आणि मुद्रेवर आरमाराची जोखीम. काठावर विंडलस घेऊन एका झडपेकडून दुसरीकडे धावत असतात त्या त्यांच्या सहधर्मचारिणी. सुकाणू धरणे हे कौशल्याचे काम असून दार लोटणे हे निव्वळ बळाचे काम होय, अशी यजमानांची दृढ श्रद्धा असते. या विभागणीने घरात बळ कोणाकडे आहे याची कबुली आपण चारचौघांत देऊन चुकलो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. नाव सत्तर फूट लांब आणि हौद तिच्याहून जेमतेम दोन हातांनी मोठा. नावेची रुंदी सात फूट आणि हौदाचीही सात फुटांहून काही इंचच अधिक. अशा जागी नाव नीट घातली तर ते यजमानांचे यश असते, आणि ती भिंतीवर आदळली तर बाईसाहेबांनी दार पुरते उघडलेले नसते.

हे सर्व पाहण्यासाठी वरच्या लॉकच्या काठी सदैव काही माणसे उभी असतात. कालव्यावरचा दुसऱ्यांचा उद्योग स्वस्थपणे पाहत राहणाऱ्यांना तिकडे ‘गाँगूझलर’ ही पदवी आहे. परंतु बघ्या हा प्राणी मराठी वाचकाला नवा नसल्यामुळे त्याचे अधिक वर्णन करीत नाही. इतकेच सांगतो की त्यांचे ज्ञान परिपूर्ण असते आणि ते कोणी मागण्याची वाट पाहत नाहीत. त्यांची विशेष दृष्टी असते ती लॉकच्या भिंतीवर मारलेल्या एका पांढऱ्या रेघेकडे. वरच्या दाराखाली आतल्या बाजूस दगडी उंबरा असतो, आणि खाली उतरताना नाव त्या रेघेच्या पुढे घेतली नाही तर तिचे मागचे टोक उंबऱ्यावर बसून राहते आणि पुढचे टोक ओसरत्या पाण्याबरोबर खाली जाते. नाव बुडण्याचा हा प्रकार खरोखरीच घातक असल्याने रेघ दिसेनाशी होऊ लागताच बघे मोठ्याने ओरडून सावध करतात. पण त्यांच्यातील एखाद्याच्या ओरडण्यात मला निराशेचाही सूर ऐकू आलेला आहे.

आता या साऱ्या प्रकरणाचे मूळ पाहावयाचे तर ते पाण्याच्या कृपणतेत आहे. बर्मिंगहॅम शहर पठारावर वसलेले. तेथे जवळ मोठी नदी नाही, आणि कालव्याचे पाणी तर प्रत्येक नावेबरोबर उतारावर वाहून जावयाचे. एक नाव एका लॉकमधून उतरली की सुमारे लाखभर लिटर पाणी तिच्यामागून निघून जाते व ते परत येत नाही. तेव्हा बर्मिंगहॅम कालवा कंपनीने थेंबाथेंबाने साठविलेल्या आपल्या पाण्यावर फणा काढून बसावे हे स्वाभाविक होते. बर्मिंगहॅमपासून वूस्टरपर्यंत थेट सेव्हर्न नदीला मिळणारा तीस मैलांचा नवा कालवा खणण्याची टूम निघाली, तेव्हा या कंपनीला पाण्याची चोरी आणि व्यापाराची वाटमारी असे दोन्ही अपराध एकदम दिसू लागले. पार्लमेंटाने १७९१ साली नव्या कंपनीला सनद दिली खरी. पण जुन्या कंपनीने तीत एक कलम घालून घेतले, ते असे की नव्या कालव्याचे पाणी आमच्या पाण्यापासून सात फुटांच्या आत येता कामा नये.

या कलमाची अंमलबजावणी शब्दशः झाली. बर्मिंगहॅम शहराच्या मध्यात दोन कालवे समोरासमोर येऊन थांबले. दोहोंत पाणी, दोहोंत नावा, दोहोंची पातळी जवळजवळ सारखी, आणि मध्ये सात फूट रुंदीचा एक बांध. या बांधाला वूस्टर बार म्हणतात. १७९५ साली नव्या कालव्याचा पहिला टप्पा सुरू झाल्यापासून पुढे वीस वर्षे जो जो कोळसा, जे जे धान्य आणि जी जी पेटी एका कालव्यातून दुसऱ्यात जावयाची असेल, ती माणसांनी नावेतून उचलून, सात फूट वाहून नेऊन, पलीकडच्या नावेत ठेवली. ओझे उचलण्यासाठी याऱ्या बसविल्या, हमाल नेमले, त्यांच्या मजुरीची खतावणी सुरू झाली. फक्त फावडे घेऊन तो बांध फोडण्याचे कोणाच्याही अखत्यारात नव्हते. अखेर १८१५ साली पार्लमेंटाच्या मंजुरीने त्या बांधात एक लॉक बसविण्यात आले. नाव वर चढविणे किंवा खाली उतरविणे हे त्याचे काम नव्हतेच; दोन कंपन्यांचा परस्परांवरील अविश्वास पाणबंद राहावा एवढ्यासाठीच ते बांधलेले होते. सात फूट मातीचा निकाल लावण्यास ज्या लोकांना चोवीस वर्षे लागली, त्यांनीच पुढे दोन वर्षांनी, १८१७ च्या नोव्हेंबरात, शनिवारवाड्यावर आपले निशाण चढविले, हे ध्यानात घेतले म्हणजे पेशव्यांच्या सल्लागारांनी या सात फुटांचा बारकाईने अभ्यास करावयास हवा होता असे वाटते.

हमालांची ने-आण चालू असता नवा कालवा दक्षिणेकडे सरकत होता, तो १८०७ साली टार्डेबिगपर्यंत आला. बर्मिंगहॅमपासून येथवर चौदा मैलांत एकही लॉक नाही; त्याऐवजी टेकड्यांच्या पोटातून खणलेले बोगदे आहेत आणि त्यांतला वास्ट हिलचा बोगदा २,७२६ यार्ड लांबीचा आहे. आरंभी कालवा रुंद नावांसाठी करावयाचा होता, म्हणून बोगदे ऐसपैस खणले. पुढे खजिना आटला, म्हणून लॉक अरुंद बांधली. परिणामी जेथे कोणी पाहत नाही त्या काळोखात दोन नावा एकमेकींच्या अंगाला न लागता खुशाल जाऊ शकतात, आणि उजेडात आल्यावर मात्र एकीने दुसरीसाठी थांबावे लागते. इतके ऐसपैस करूनही बोगद्यात घोड्यासाठी वाट ठेवण्याचे राहून गेले. त्यामुळे नाव ओढणाऱ्या घोड्याला सोडून टेकडीवरून पलीकडे नेत, आणि नावेवरील माणसे फळीवर उताणी पडून बोगद्याच्या भिंतीवर पाय टेकीत टेकीत नाव पुढे ढकलीत. घोडा ज्या काळात गवत खात मोकळ्या हवेत चालत जाई, त्या काळात त्याचा धनी अंधारात पाठीवर निजून चालत असे. पुढे वाफेच्या टग बोटी आल्या तेव्हा हा प्रकार थांबला. घोड्यांची त्याला हरकत असावी.

टार्डेबिगला पठार संपते आणि कडा लागतो. येथून नदीपर्यंत उतरण्यास लॉक हवीत, लॉकला पाणी हवे, पाण्याला तलाव हवेत आणि तलावांना पैसा हवा, ही साखळी कंपनीच्या संचालकांना मोडता येईना. तेव्हा जॉन वुडहाऊस नावाच्या अभियंत्याने एक तोड काढली. पाण्याने भरलेली एक प्रचंड लाकडी पेटी करावयाची, नाव तीत तरंगती ठेवावयाची आणि साखळ्यांच्या दुसऱ्या टोकाला समतोल म्हणून विटांचा ढीग टांगून पेटी वर-खाली करावयाची. तरंगणारी नाव आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते, त्यामुळे पेटीत नाव असो वा नसो, पेटीचे वजन तेच राहते आणि विटांचा हिशेब कधी चुकत नाही. सर्वांत मोठी गोष्ट ही की या चढ-उतारात पाणी जवळजवळ खर्चच होत नाही. १८०८ साली ही लिफ्ट टार्डेबिग येथे उभारली गेली, आणि आश्चर्य असे की ती चालली. कंपनीने मात्र जाणत्या अभियंत्यांचा अभिप्राय मागविला. यंत्र मोठे कल्पक आहे, पण रोजच्या रांगड्या वापरात नावाड्यांच्या हातून टिकावयाचे नाही, असा निर्वाळा मिळाला, आणि ज्या प्रयोगाने यशस्वी होण्याखेरीज दुसरा कोणताही गुन्हा केला नव्हता तो बरखास्त झाला.

त्या लिफ्टच्या जागी आज तिसांतले सर्वांत वरचे लॉक आहे. बाकीची लॉक सुमारे सात फुटांची, हे त्यांच्याहून पुष्कळ खोल. साऱ्या देशातील अरुंद लॉकांत अत्यंत खोल अशांमध्ये त्याची गणना होते. जितके खोल तितके पाणी अधिक. म्हणजे पाणी वाचविण्याचे यंत्र जेथे उभे होते, तेथेच आता सर्वांत जास्त पाणी पिणारा हौद आहे. सरकारी आणि निमसरकारी कामाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना याचे स्पष्टीकरण लागू नये.

शेवटी तलाव बांधावेच लागले, आणि तेही स्वतःपुरते बांधून भागले नाही. ओढ्यांच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या पाणचक्क्या चालविणारे गिरणीमालक पुढे आले आणि वहिवाटीचा हक्क सांगू लागले. त्यांची समजूत घालण्यासाठी कंपनीने त्यांच्यासाठी वेगळे जलाशय बांधून दिले. बिटेल येथे वरचा तलाव कालव्याचा आणि खालचा तलाव अॅरो नदीवरच्या गिरण्यांच्या भरपाईचा, अशी वाटणी आहे. पाटाच्या पाळीवरून सख्ख्या भावांत फावडी निघालेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही व्यवस्था शहाणपणाचीच वाटेल. टार्डेबिगचा जलाशय बांधला तो लॉकांच्या कडेलाच, पण चौदा मैलांच्या त्या सपाट कालव्याहून खालच्या पातळीवर; म्हणून त्यातले पाणी पुन्हा वर चढविण्यासाठी पंपाचे इंजिन बसविले आणि त्याला एक टुमदार इमारत बांधली. तिच्यात पुढे उपाहारगृह झाले, आणि आता बिऱ्हाडे नांदत आहेत.

कालवा १८१५ च्या डिसेंबरात नदीला मिळाला. वूस्टरच्या धक्क्यापर्यंत एकूण ५८ लॉक आणि ४२८ फुटांचा उतार. आता सुखाचे दिवस यावेत, तो पंचवीस वर्षांत आगगाडी आली. बर्मिंगहॅम-ग्लॉस्टर रेल्वेने १८४० साली त्याच पठाराची कड ब्रॉम्सग्रोव्हजवळ सरळ समोरून चढून दाखविली. लिकीचा तो चढ सुमारे दोन मैलांचा, ३७ फूट चालले की एक फूट वर असा उभा आहे. गाडीला मागून रेटण्यासाठी वेगळी इंजिने ठेवावी लागत, पण गाडी मिनिटांत वर जाई. कालव्याने १८७४ साली शार्पनेसच्या गोदी कंपनीच्या पदरी आश्रय घेतला. मीठ, कोळसा आणि बॉर्नव्हिलच्या कॅडबरी कारखान्याचा माल यांवर त्याने आणखी काही दशके कशीबशी काढली. १९४८ साली सरकारने इतर कालव्यांबरोबर त्यालाही आपल्या दप्तरी जमा करून घेतले, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत मालाची शेवटची नावही गेली. व्यापारी उपक्रम म्हणून या कालव्याची कथा येथे संपते, आणि ती आरंभापासून अंतापर्यंत नुकसानीची म्हणावयास हरकत नाही.

परंतु तत्पूर्वीच टार्डेबिगला एक घटना घडून गेलेली होती. टॉम रोल्ट नावाचा एक अभियंता ‘क्रेसी’ या नावेवर राहत असे. १९३९ साली लग्न झाल्यावर वधूला घेऊन त्याने या नावेतून देशाच्या कालव्यांचा प्रवास केला, त्यावर १९४४ च्या डिसेंबरात ‘नॅरो बोट’ हे पुस्तक काढले, आणि युद्धकाळात नाव टार्डेबिगच्या वरच्या लॉकजवळ बांधून ठेवून तीतच मुक्काम केला. ते पुस्तक वाचून लंडनहून रॉबर्ट एकमन नावाचा एक साहित्यिक गृहस्थ सपत्निक त्याला भेटावयास आला. हा पुढे गूढ आणि भयप्रद कथांचा लेखक म्हणून प्रसिद्धीस आला. जे मेले आहे ते मेलेले नाही अशी ज्याची स्वभावतःच खात्री असते, तो कालव्यांच्या कामाला योग्यच म्हणावयाचा. त्या भेटीतून १९४६ साली इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था निघाली, आणि बुजविण्याच्या बेतात असलेले कित्येक कालवे तिच्या चळवळीमुळे वाचले. सर्वच कालवे राखावेत असा एकमनचा हट्ट. ज्यांचे पोट त्यावर आहे त्या नावाड्यांचा विचार आधी करावा असे रोल्टचे मत. दोन्ही मते बरोबर असल्यामुळे तडजोड अशक्य होती. १९५१ साली संस्थेने आपल्या संस्थापकांपैकी एकाला, म्हणजे रोल्टला, सभासदत्वावरून काढून टाकले. आपल्याकडच्या साहित्यसंस्थांनी हुरळून जाऊ नये; ही परंपरा सर्वदेशीय आहे.

पुढे त्या ऐतिहासिक भेटीचे स्मारक लॉकच्या काठी उभारले. चौथरा बांधला, वर पाटी बसविली, आणि भेटीचे साल घातले १९४६. भेट झाली होती १९४५ साली. ही चूक पुष्कळ वर्षे पाटीवर नांदली; मग ती सुधारावयाचे ठरले, तेव्हा जुनी पाटी उपटण्याच्या भानगडीत न पडता खरे साल सांगणारी दुसरी पाटी लावण्यात आली. दोन कालव्यांत सात फुटांचा बांध सांभाळणाऱ्या लोकांनी एका वर्षाचा फरक अशा रीतीने मिटवावा, हे रूढीला धरूनच झाले.

कालवा २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे. लॉकवर मदतीला तिचे स्वयंसेवक येतात, म्हणजे येथे काही माणसे पैसे देऊन दार लोटतात आणि काही फुकट लोटतात. पैसे घेऊन नाव ओढणारा मात्र शेवटच्या घोड्याबरोबर गेला. ज्या पाण्यासाठी बांध घातले, यंत्रे मोडली, गिरणीवाल्यांचे तलाव बांधले, ते पाणी आता लाखालाखांच्या हिशेबाने एका दंतवैद्याला टेकडीवर चढविण्यासाठी सोडले जाते, आणि माझ्या मते एवढा योग्य विनियोग त्याचा आजवर झालेला नव्हता.

कोणा वाचकाला बर्मिंगहॅमकडे जाण्याचा योग आला तर त्याने नाव भाड्याने घेण्याच्या फंदात पडू नये. टार्डेबिगच्या देवालयापाशी जावे, वरच्या लॉकपासून पायवाटेने खाली चालू लागावे, आणि कोणी तुळईला पाठ लावलेली दिसल्यास पातळी अजून जुळलेली नाही असे अधिकाराने सांगून पुढे जावे. वाट उताराची आहे, आणि बघ्यांना तिकीट नाही.